गुडघ्याच्या मागे मार लागला तर

महाळुंगे पडवळ, कळंब, साकोरे, लौकी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या घरांना हे सांगणे आहे. वाचून झाले की घरात मोठ्याने वाचून दाखवा. शेतावर जाणाऱ्या पोरांना तर नक्कीच.

गुडघा दुखावला की आपण समोरून पाहतो. वाटी सरकली का, सूज आली का, हाड मोडले का. मागे कोणी पाहत नाही. पाय जातो तो बहुतेक वेळा मागच्या दुखापतीने.

उभे राहा, गुडघा थोडा वाकवा आणि मागे बोटे लावा. मऊ खळगी लागेल. हीच गुडघ्याची लवण. त्या चिंचोळ्या जागेतून तीन गोष्टी शेजारी शेजारी जातात. सगळ्यात वर, म्हणजे कातडीच्या बाजूला, पावलाला जाणीव आणि बळ देणारी नस. तिच्या खाली पायातले रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर. आणि सगळ्यात आत, हाडाला लागून, पायाला ताजे रक्त पुरवणारी शीर. मागून विळा, पत्रा किंवा काच लागली तर आधी नस आणि परतीची शीर सापडते. गुडघा उलटा वाकला किंवा सांधा निखळला तर आतली पुरवठ्याची शीर ताणून फाटते. ती वर आणि खाली दोन्हीकडे घट्ट धरलेली असते, त्यामुळे तिला सरकायला जागा नसते. बरेचदा दोन्ही शिरा एकदम दुखावतात.

पुरवठा बंद पडला तर पाऊल पांढरे आणि गार पडते, हे कोणालाही पटते. परतीची शीर तुटली तर काय बिघडते, असे मात्र विचारले जाते. शेताला पाट चालू आहे आणि खालचा चर बुजला आहे, अशी कल्पना करा. पाणी साठते, वाफा चिबडतो, पीक पिवळे पडते. पोटरीचे तसेच होते. रक्त येत राहते, जायला वाट नसते. पोटरी फुगते, आतला दाब वाढतो आणि शेवटी त्या दाबाने येणारे रक्तही अडते. म्हणून पाऊल गुलाबी आणि गरम आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

आपल्याकडे ही दुखापत कशी होते ते तुम्हीच आठवून पाहा. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ज्यांनी जीव दिला, ते बाबू गेनू सैद आपल्या महाळुंगे पडवळचेच. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. धरणाच्या पाण्याने तालुक्यात ऊस वाढला. उसामागे ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या आल्या, रोटाव्हेटर आले. बरकत आली, तशी नवी दुखणीही आली. ट्रॉली जोडताना मागे उभा राहिलेला माणूस हुकात आणि चाकात सापडतो. ऊसतोडीत शेजाऱ्याचा कोयता पोटरीच्या वर बसतो. चिखलणीला ट्रॅक्टर उलटतो. गोठ्यात मारका बैल मागून शिंग घालतो. कांद्याच्या बराखीवर पत्रे चढवताना पत्रा घसरतो. पुणे-नाशिक रस्त्यावर मोटारसायकलला गाडीचा बंपर नेमका गुडघ्याच्या उंचीवर लागतो.

आणि बैलगाडा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. यात्रा पुन्हा भरू लागल्या, चांगले झाले. मला स्वतःला घाटात बारी सुटताना पाहायला आवडते. पण बारी सुटल्यावर घाटाच्या कडेला दाटीने उभी राहणारी पोरे पाहिली की छातीत धस्स होते. उधळलेला बैल अंगावर आला तर पळणाऱ्याला मार मागूनच बसतो. यात्रा कमिटीने नारळ फोडण्याआधी रुग्णवाहिका कुठे उभी आहे ते पाहून घ्यावे.

आता जखम झाली आहे आणि रक्त वाहते आहे, असे धरा.

पहिले काम, माणसाला आडवे करा. चालू देऊ नका, लंगडतसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाला तरी लगेच 108 ला फोन लावायला सांगा. "कोणीतरी फोन करा" असे ओरडू नका. एकाचे नाव घेऊन सांगा, नाहीतर सगळे बघत राहतात.

मग दाबा. स्वच्छ कापड घ्या. पंचा, उपरणे, ओढणी, जे हाताशी असेल ते. घडी करून थेट जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून दाबा. जखम खोल असेल तर कापड आत भरा आणि वरून दाबा. दुखेल, माणूस ओरडेल, तरी दाबा. माणूस उताणा असेल तर गुडघ्याच्या मागे नीट जोर लागत नाही. गुडघ्याचा आकार बिघडलेला नसेल तर त्याला कुशीवर किंवा पालथा करा, म्हणजे तुमचे वजन वरून देता येईल. किमान दहा मिनिटे हात काढू नका. थांबले का म्हणून कापड उचलून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. उचलले की धरू लागलेली गाठ सुटते. कापड भिजले तर त्याच्यावरच दुसरे ठेवा.

परतीच्या शिरेचे रक्त गडद असते आणि संथपणे वाहत राहते. पुरवठ्याच्या शिरेचे लाल आणि ठोक्याठोक्याने उडते. गडद रक्त पाहून "हे काही फार नाही" असे समजू नका. ही शीर करंगळीएवढी जाड असू शकते. संथ वाहूनही थोड्या वेळात माणूस पांढरा पडतो.

जखमेत हळद, चहापूड, चुना, राख, तंबाखू, रॉकेल काही घालू नका. हळद स्वयंपाकघरात ठीक. इथे सर्जनला तीच तासभर धुवत बसावी लागते. काच, सळई किंवा शिंगाचा तुकडा आत रुतलेला असेल तर उपसू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून तो हलणार नाही असे करा. कित्येकदा तोच तुकडा फाटलेली शीर बुजवून बसलेला असतो.

बांधण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते.

आपल्या हाताला एक सवय आहे. पायाला काही झाले की वर सुतळी आवळायची. साप चावला तरी सुतळी, रक्त आले तरी सुतळी. साप चावल्यावर काहीच आवळायचे नसते, हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. रक्तस्रावात अर्धवट आवळणे तर जास्त वाईट. सुतळी, नाडा किंवा रुमाल हाताने आवळला की कातडीजवळच्या मऊ शिरा दबतात, म्हणजे परतीची वाट बंद होते. आतून जोरात येणारा पुरवठा मात्र चालूच राहतो. त्यामुळे आवळल्यावर जखमेतून रक्त वाढते आणि लोक घाबरून आणखी एक सुतळी बांधतात. वायर आणि सुतळी कातडीत रुतून नस कायमची मारतात, ते वेगळेच.

म्हणून नियम साधा आहे. दाबून रक्त थांबत असेल तर बांधू नका. जोर लावून दाबूनही रक्त धो धो वाहत असेल, जीव जाईल असे दिसत असेल, तेव्हाच मांडीला पट्टा. तो चार बोटे रुंद हवा. पंच्याची घडी चालेल. गुडघ्यावर नाही, गुडघ्याच्या वर मांडीला. गाठ मारून तिच्यात लाकडी दांडके अडकवा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा. मग दांडके बांधून ठेवा. किती वाजता बांधला ते पेनने कपाळावर किंवा हातावर लिहा. हसू नका. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बरोबरचा माणूस बदललेला असतो आणि वेळ कोणालाच सांगता येत नाही. एकदा बांधलेला पट्टा वाटेत सैल करून पाहू नका. तो डॉक्टर सोडतील. दोन तासांच्या आत तिथे पोहोचायचे, एवढे डोक्यात ठेवा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. जखम नाही, रक्त नाही, पण गुडघ्याला जबर मार आहे. गाडीवरून पडला, ट्रॅक्टरखाली पाय गेला, विहिरीच्या कठड्यावरून उतरताना गुडघा उलटा वाकला. घरचे म्हणतात, मुरगळला असेल. कोणीतरी पाय ओढून सरळ करतो. कोणी तेल लावून चोळायला बसते. हाडवैद्याला निरोप जातो. यातले काहीही करू नका. वाकडा पाय आहे तसाच राहू द्या. दोन्ही बाजूंनी उशा किंवा गोधडीच्या वळकट्या लावा. फळी किंवा जाड पुठ्ठा लावून सैल बांधा, पण लवणीवर गाठ येऊ देऊ नका. पाय फार उंच टांगू नका आणि खाली लोंबूही देऊ नका. अंगाच्या पातळीला ठेवा. गरम शेक नको.

मग मोजा काढा आणि बोटांकडे पाहा. हे दर पंधरा मिनिटांनी करायचे, आणि तेही एकाच माणसाने. दोन्ही पावले शेजारी धरून पाहा. दुखरे पाऊल जास्त पांढरे किंवा निळसर आहे का? जास्त गार आहे का? अंगठ्याचे नख दाबून सोडले तर दोन सेकंदांत रंग परत येतो का? डोळे मिटायला सांगून बोटाला हात लावा, कळते का? पाऊल वर-खाली करता येते का? घोट्याच्या पुढे, पावलाच्या पाठीवर ठोका लागतो का? ठोका शोधायला सवय लागते, सापडला नाही तर त्यात वेळ घालवू नका. आज संध्याकाळी घरच्या धडधाकट माणसाच्या पावलावर शोधून ठेवा, म्हणजे वेळेला बोट बरोबर जागी जाईल.

या सगळ्यात एक खूण मी वर ठेवतो. मार दिसतो त्या मानाने दुखणे फार जास्त असणे. पोटरी टणक, चकचकीत, आणि पायाची बोटे नुसती वर ओढली तरी माणूस किंचाळतो. आतला दाब वाढल्याची ही खूण आहे. प्लॅस्टर घातल्यानंतरही अशी खूण दिसू शकते. "नवे प्लॅस्टर आहे, दुखणारच" म्हणून गोळी देऊन रात्र काढू नका. त्याच रात्री परत जा आणि प्लॅस्टर उघडून पाहायला लावा.

आणखी एक फसगत. एक्स-रे काढला, हाड ठीक निघाले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एक्स-रेमध्ये हाड दिसते, शीर दिसत नाही. निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो आणि फोटो अगदी नितळ येतो. आतली शीर मात्र चिरलेली असते. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "पायाचा रक्तपुरवठा तपासला का? डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करायची का?" विचारण्यात कोणाचा अपमान नाही. पायाचा बीपी घेऊन तो हाताच्या बीपीशी ताडून पाहणे, ही साधी तपासणीही बरेच सांगून जाते.

आता वेळेचा हिशेब. पायाच्या स्नायूला रक्त मिळाले नाही तर साधारण सहा तासांनंतर तो वाचवणे अवघड होत जाते. सहा तास पुष्कळ वाटतात. सकाळी नऊला मळ्यात मार लागला. दहापर्यंत घरी आणले, हळद लावली. अकराला गावातला डॉक्टर. साडेबाराला मंचर. एक्स-रे, पट्टी, "पुण्याला न्या". दोनला गाडी मिळाली. मंचर ते पुणे सुमारे साठ किलोमीटर, आणि मध्ये चाकण. चाकणच्या चौकाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! साडेचारला मोठ्या दवाखान्याच्या दारात, पाचला केसपेपर. आठ तास झाले, अजून टेबलावर घेतलेले नाही. आणि यात कोणीही मुद्दाम हयगय केलेली नाही.

हा हिशेब वर्षानुवर्षे लढाईतल्या जखमींनीही भोगला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात गुडघ्यामागची पुरवठ्याची शीर तुटलेल्या शंभर जवानांमागे सुमारे बहात्तर जणांचा पाय कापावा लागला, असे 1946 मध्ये डिबेकी आणि सिमियोन या सर्जनांनी नोंदवले. तेव्हा तुटलेली शीर बांधून टाकत. पुढे कोरिया आणि व्हिएतनामच्या लढायांत ती शिवायला सुरुवात झाली, जखमी हेलिकॉप्टरने लवकर टेबलावर येऊ लागला आणि पाय जाण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आले. परतीची शीरही जमेल तेव्हा शिवावी, नुसती बांधून टाकू नये, हा आग्रह व्हिएतनाममध्ये काम केलेल्या नॉर्मन रिच या सर्जनने धरला. आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही. मग हाताशी असलेले तास वाचवायचे.

ते कसे? मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा, पण पोहोचताच स्पष्ट सांगा, "गुडघ्याच्या मागे मार आहे, पाऊल गार आहे." रक्त थांबवणे, सलाईन, धनुर्वाताचे इंजेक्शन हे तिथे होईल. त्याच वेळी घरच्या एकाने पुढचा दवाखाना फोनवर पक्का करायचा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो, पुण्याचे ससून असो किंवा खासगी, तीन प्रश्न विचारा. रक्तवाहिन्यांचे सर्जन आत्ता मिळतील का? ऑपरेशन थिएटर आत्ता मोकळे आहे का? रक्त आहे का? तिन्हींना "हो" म्हणणाऱ्या दवाखान्याचे अंतर दहा किलोमीटर जास्त असले तरी तिकडेच जा. "आधी या, मग बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊन तिथून पुन्हा हलवण्यात पाय जातो.

जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. लोंबता पाय प्रत्येक खड्ड्याला आत फाटत जातो. 108 ची गाडी 2014 पासून आपल्याकडे आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती यायला फारच वेळ असेल तर मागे आडवे झोपवता येईल अशी गाडी घ्या. दाबणारा माणूस गाडीतही दाबतच राहील. वाटेत चहा, पाणी, बिस्कीट देऊ नका. भूल द्यायची असते. ओठ ओले करा, बस्स. शेवटचे काय आणि कधी खाल्ले ते लक्षात ठेवा.

रस्त्यावर पडलेला अनोळखी असला तरी थांबा. पोलीस त्रास देतील ही भीती जुनी झाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. आणि जखमीवर तातडीचा उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे. मार कशाने लागला ते मात्र डॉक्टरांना खरे सांगा. भांडणात कोयता लागला असेल तर "पडलो" म्हणू नका. कोयत्याचा घाव आणि पडून लागलेला मार यांची तपासणी वेगळी असते.

आता घरातली गोष्ट. आपल्या बहुतेक घरांतला एक तरी माणूस मुंबईला असतो. कोणी डबे पोचवतो, कोणी मार्केटला, कोणी कंपनीत. ऑपरेशनची सही करायची वेळ आली की म्हातारा बाप म्हणतो, "थोरला मुंबईहून निघालाय, तो आला की ठरवू." थोरल्याला मान द्यायला हवा, पण तो पोहोचेपर्यंत पाच तास जातात. फोनवर विचारा आणि सही करा. बायकोची सही चालते, आईची चालते, जखमी शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची चालते.

सर्जन काय करतात तेही आधीच ऐकून ठेवा, म्हणजे थिएटरबाहेर गोंधळ होत नाही. मार उजव्या पायाला, पण डाव्या पायाला टाके दिसतात. चूक झालेली नाही. तुटलेल्या जागी जोडायला चांगल्या पायातली कातडीखालची एक शीर काढून घेतात. त्या पायाचे तिच्यावाचून अडत नाही. पोटरीवर दोन्ही बाजूंना लांबलचक चिरा घालून त्या उघड्याच ठेवलेल्या दिसतील. पाहून बायामाणसे रडू लागतात. आतला दाब मोकळा करायला त्या चिरा लागतात. काही दिवसांनी टाके घालून किंवा मांडीची कातडी लावून त्या बंद करतात. कधी माणूस इतका खालावलेला असतो की शीर शिवत बसायला वेळ नसतो. तेव्हा ती नुसती बांधून जीव वाचवतात. तो निर्णय सर्जनवर सोडा. आणि फार उशीर झाल्यावर "पाय काढावा लागेल" असे सांगितले, तर दुसऱ्या एका सर्जनचे मत घेणे तुमचा हक्क आहे, पण ते त्याच दवाखान्यात आणि त्याच तासात घ्या. मेलेला पाय अंगाला लावून फिरवला तर त्याचे विष किडनीला जाते आणि माणूसच हातचा जातो.

पैशाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कोणत्या दवाखान्यात लागू आहे ते फोनवरच विचारा. तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार लागते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागून देता येतात, त्यामुळे कार्ड आणायला कोणी मधूनच गावी परत जाऊ नये. रस्त्यावर वाहनाने अपघात झाला असेल तर केंद्र सरकारची मे 2025 पासूनची योजना आहे. ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळतो. शेतकरी कुटुंबात अवयव गमावला गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. तो वेळेत करा. दुःखात महिना निघून जातो आणि मग चकरा सुरू होतात.

पाय वाचला, माणूस घरी आला, पाहुणे नारळ घेऊन येऊ लागले. इथून पुढे काळजी परतीच्या शिरेची.

शिवलेल्या किंवा चेचलेल्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. जिला जखमच नव्हती, नुसता मार होता, तिच्यातही धरते. मार लागून आठवडा झाल्यावर एकच पोटरी फुगते, गरम लागते, जड होते. अशा वेळी आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? कोणीतरी मायेने तेल लावून चोळायला घेते. हात जोडून सांगतो, एका पायाची पोटरी अचानक सुजली असेल तर चोळू नका. गुठळी सुटली तर ती वर फुप्फुसात जाते. अचानक दम लागणे, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी, यातले काहीही झाले तर रात्र असो की पहाट, 108.

गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देतात. त्या बरे वाटले म्हणून बंद करायच्या नसतात. रोज एकाच वेळी घ्या. काही गोळ्यांना ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते, ते चुकवू नका. त्यातल्या एका जुन्या गोळीशी पालेभाज्यांचा संबंध येतो. पालक, मेथी सोडायची नाही, पण आठवडाभर शून्य आणि एकादशीनंतर ताटभर असेही करायचे नाही. नेहमीइतकीच खा. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणू नका. गावठी काढा घेऊ नका. दात काढायला गेलात तर आधी गोळीचे सांगा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर न लागता उठणारे काळे-निळे डाग दिसले तर डॉक्टरांना फोन करा. डोक्याला मार लागला तर फोन नको, थेट जा.

मिश्री आणि तंबाखू बंद. शिवलेली शीर तंबाखूने पुन्हा आकसते. हे ऐकून म्हातारी माणसे मान हलवतात आणि संध्याकाळी चिमूट भरतात. घरच्यांनीच डबी उचलून ठेवावी.

सूज बरेच महिने राहील, कोणाकोणाला वर्षे. संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते. रात्री पायाखाली उशी घ्या. सर्जनने परवानगी दिल्यावर घट्ट मोजा वापरायचा असतो. तो सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवा. एकदा उभे राहून सूज वाढली की तो चढत नाही आणि माणूस कंटाळून कोपऱ्यात टाकतो. घोट्याला अडकवणारे साधे इलॅस्टिक किंवा गुडघ्याची पट्टी त्याच्याऐवजी चालत नाही, लवणीवर आवळणारे तर काहीच नको. शिंप्याची टेप घेऊन दर रविवारी सकाळी दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. तपासणीला जाताना ते कॅलेंडर पिशवीत टाका. एकाच आठवड्यात दुखऱ्या पायाचा घेर एकदम वाढला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पाऊल लोळते का, चप्पल निसटते का, इकडे लक्ष ठेवा. नस दुखावली असेल तर तळव्याला काटा टोचलेला कळत नाही. रोज रात्री तळवा उजेडात पाहा आणि शेतात अनवाणी जाऊ नका. चालायला सुरुवात घराच्या अंगणातून करा, मग वस्तीपर्यंत. उसाच्या खेपा, गाडा, ट्रॅक्टरचा क्लच यांना सर्जन हो म्हणेपर्यंत थांबा. हंगाम निघून जाईल म्हणून डिसेंबरात घाई करतात आणि फेब्रुवारीत तेच पुन्हा ॲडमिट होतात.